गणपतीच्या शाळेत पिशवीचं तोंड

रावजीकाकांच्या शाळेत पाटाशिवाय काम घेत नाहीत. शाळा म्हणजे गणपतीची शाळा. मूर्ती घडतात त्या जागेला आमच्याकडे हेच नाव. नागपंचमीच्या सुमारास घरोघरचे पाट येतात, पाटावर नारळ आणि विडा, आणि ज्या घरचा पाट त्याच्यावर त्या घरचा गणपती बसतो. पाट नाही तर गणपती नाही. म्हणून दिवाळी सरल्यावर एक तरुण डॉक्टरीण स्कूटरवरून आली आणि “मला एक वस्तू घडवून हवी आहे, पण गणपती नको,” म्हणाली, तेव्हा काकांनी एवढंच विचारलं, “पाट कुठाय?”

“पाट लागतो?”

“लागतो.”

डॉक्टरीण देवरूखची. नाव अक्षया. रत्नागिरीत नव्याने निघालेल्या वैद्यकीय कॉलेजात शिकवायची. शरीराचा पातळ काप काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली कसा वाचायचा, हा तिचा विषय. तिने मोबाइल पुढे धरला. पडद्यावर गुलाबी रंगात जांभळे ठिपके होते, मोजता न येण्याइतके.

माती मळणाऱ्या तुळसाकाकीने मान लांब करून पाहिलं. “कोकमाच्या सरबतात मुंग्या पडल्या काय गो?”

“नाही काकी. हे गर्भाशयाचं मुख. पिशवीचं तोंड म्हणता ना, ते. खूप मोठं करून दाखवलंय.”

तुळसाकाकीचे मातीतले हात थांबले. “अगो बाय! चार पोरं काढली या तोंडातून, पण तोंड पाहिलं ते आज.”

रावजीकाका लगबगीने छपराकडे बघू लागले, जणू कुठलं कौल सरकलं आहे ते आत्ताच बघायला हवं होतं. मालन मात्र हातातला ब्रश ठेवून उठली आणि मोबाइलवर वाकली.

डॉक्टरीण सांगत होती. पोरं सूक्ष्मदर्शकात एक डोळा घालून बघतात, चित्र काढतात, परीक्षा झाली की विसरतात. चित्र सपाट असतं. बोट फिरवता येईल असं काही हवं. प्लॅस्टिकचे नमुने मिळतात, पण ते अख्ख्या गर्भाशयाचे. त्यात पेशी दिसत नाहीत. संक्रांतीनंतर पोरांची प्रात्यक्षिकं होती, त्याच्या आत हवं होतं.

“हे आमच्याच्यानं व्हायचं नाय,” काका कौलांकडे बघूनच म्हणाले.

“मी करते,” मालन म्हणाली.

आता ही मालन कोण, ते सांगायला हवं. माहेर हेदवीचं. लग्न होऊन रत्नागिरीजवळच्या या वाडीत आली. नवरा बाळा मिरकरवाड्याच्या ट्रॉलरवर खलाशी. आठवड्यातले बरेच दिवस समुद्रात. घरात बसून राहणं मालनला जमलं नाही. शेजारच्या शाळेत ती आधी पाणी भरायला गेली. मग माती चाळायला. मग सुकलेल्या मूर्ती घासायला, मग पांढरा हात द्यायला, मग गणपतीच्या सोवळ्याचा काठ रंगवायला. दर पायरीला दोन-तीन वर्षं गेली. तिने घाई केली नाही आणि काकांनी करू दिली नाही. काकांचा नियम होता की हात लागला म्हणजे काम झालं असं नव्हे. हात लागलेला दिसला नाही म्हणजे काम झालं. मालनच्या हाताला तो नियम हाडापर्यंत मुरला होता. केस पांढरे व्हायला लागले तरी एक काम तिच्याकडे कधी आलं नव्हतं, ते म्हणजे घडण. ओल्या गोळ्यातून आकार काढणं काकांचंच.

आणि काकांचे हात आता थरथरत. मागच्या वर्षी सोंडेचं वळण तीनदा बिघडलं. मुंबईतला पुतण्या नितेश फोनवर म्हणाला होता, “काका, साचे आणूया. भराभर निघतील. संक्रांतीनंतर येतो आणि सगळं लावून देतो.” काकांना साचा म्हणजे उष्टं ताट. पण घडणारा माणूस नसेल तर करणार काय?

त्यांनी कौलांवरून नजर खाली आणली. मालनकडे बराच वेळ पाहिलं.

“कर,” ते म्हणाले. “गोळ्यापासून रंगापर्यंत तू एकटी. मी बोट लावणार नाय. कॉलेजात पास झालं तर यंदापासून घडण तुझ्याकडे. नाय झालं तर नितेशचे साचे.”

मालनने होय म्हटलं.

दुसऱ्या दिवशी अक्षया पाट घेऊन आली. आईचा, फणसाच्या लाकडाचा, देवरूखहून एसटीने मागवलेला. वर नारळ आणि विडा. काकांचं समाधान झालं. नारळ हातात धरून त्यांनी गाऱ्हाणं घातलं. काका एकदा गाऱ्हाणं घालायला लागले की कुणाला सोडत नाहीत.

“बा देवा महाराजा! ही देवरूखची लेक तुझ्या दारात आली आहे, होय महाराजा?”

“होय महाराजा!” तुळसाकाकी आणि मालन ओरडल्या.

“तिचं जे काय… जे काय काम आहे…”

“पिशवीचं तोंड,” तुळसाकाकीने आठवण करून दिली.

“ते तुला ठाऊक आहे, तूच केलेलं आहेस. ते मालनच्या हातून नीट उतरू दे. न तडकता सुकू दे. डॉक्टर होणाऱ्या पोरांच्या डोक्यात जाऊ दे आणि तिथेच राहू दे, होय महाराजा?”

“होय महाराजा!” यात अक्षयाचा आवाज सगळ्यांत मोठा.

मग ती गोणपाटावर मांडी घालून बसली आणि मालनला शिकवू लागली. तोंडाची बाहेरची बाजू थरांची. तळाला लहान, गडद पेशींची एक रांग, तरव्यात उगवलेल्या भाताच्या रोपांसारखी दाट. नव्या पेशी तिथे जन्मतात आणि वर सरकतात. मधल्या थरात त्या फुगतात, फिक्या होतात. त्यांच्या पोटात साखरेचा साठा असतो. सगळ्यांत वर गेल्या की चपट्या होतात, मधला ठिपका आक्रसून मोहरीएवढा राहतो, आणि मग झडून जातात. खालून भरती, वरून गळती, रोज. आतल्या बाजूला मात्र थर नाहीत. उंच पेशींची एकच रांग, पोफळीच्या बागेसारखी. ठिपका बुंध्याशी आणि वरचा भाग चिकट पाण्याने भरलेला. ही रांग जागोजागी खाली दुमडते, घळीसारखी, आणि पुन्हा वर येते. या सगळ्याखाली तंतूंची जाड गादी.

“आणि जिथे थर आणि रांग एकमेकांना भेटतात ना मालनताई,” ती शेवटी म्हणाली, “तिथे सगळ्यांत जास्त काळजी घ्या.”

मालनने मान हलवली. अशी काळजी घ्यायची हातोटी तिच्याइतकी पंचक्रोशीत कुणाला नव्हती.

तिने शाडू भिजवला, काथ्या कातरून घातला आणि तुळसाकाकीकडून दुप्पट मळून घेतला. काकी म्हणाली, “माझ्या पाठीचा काप काढून काचेवर ठेव, म्हणजे कळेल किती मळलं ते.” पाटावर हातभर लांब आणि वीतभर उंच ठोकळा बसला. मालनला एक अडचण आधीच दिसली. थरांची बाजू जाड, रांगेची पातळ. जाड सावकाश सुकते, पातळ लवकर. एकत्र घडवलं तर मधे फाटणार. म्हणून तिने दोन्ही बाजू वेगळ्या केल्या. एकेक पेशी वळली, एकेक बसवली. बोटांची टोकं सोलवटली. सुकल्यावर दोन्ही भाग जोडले, फटीत रबडीसारखी पातळ माती भरली, घासली, पुन्हा भरली, पुन्हा घासली. थरांच्या शेवटच्या पेशी चपट्यावरून हळूहळू उंच करत रांगेला भिडवल्या, म्हणजे नजर अडखळू नये. जोड कुठे आहे ते नखालाही कळेना.

या दिवसांत बाळा बंदरावरून घरी आला. हातात बांगडे, अंगाला डिझेलचा वास.

“अगो, बोटीवर विचारतात, तुझी बायको सध्या काय घडवते? काय सांगू?”

“सांगा, पिशवीचं तोंड.”

“बोटीचा तांडेल समुद्रात उडी टाकेल!”

“टाकू दे. पोहता येतं त्यांना.”

बाळाने बांगडे खाली ठेवले आणि शाळेत जाऊन ती वस्तू सगळ्या बाजूंनी निरखली. “जाळ्यासारखं आहे,” तो म्हणाला. “एक डोळा चुकला की पुढचे सगळे चुकणार.” जाळं विणणाऱ्याकडून आलेली ही शाबासकी मालनने जपून ठेवली.

रंग झाला. कोकमाचा गुलाबी, जांभळाचा जांभळा. अक्षया आली आणि दारातच उभी राहिली.

“मालनताई! कसलं देखणं झालंय हो!” ती धावत जवळ आली, थरांवरून बोट फिरवलं, घळीत करंगळी घातली. मग बोट पुन्हा मागे नेलं, पुन्हा पुढे. कपाळाला आठी पडली. “पण… ते दोन्ही भेटतात ती जागा कुठे आहे?”

मालनचा चेहरा उजळला. या प्रश्नाचीच ती वाट बघत होती. “शोधून दाखवा!”

“नाही सापडत.”

“सापडायचीच नाय! काकांना विचारा, त्यांनाही सापडली नाय.”

“मला नाय सापडली,” काकांनी अभिमानाने दुजोरा दिला.

अक्षया पाटाजवळ बसली. तिने बोट उचलून घेतलं, आणि ते पाहून मालनच्या उजळलेल्या चेहऱ्यावरचं तेज हळूहळू गेलं.

“ताई, मला तीच दाखवायची होती.”

तुळसाकाकीने हातातला गोळा खाली ठेवला.

“चूक माझी,” अक्षया म्हणाली. “तुम्हाला नुसते फोटो देऊन मी मोकळी झाले. चला माझ्याबरोबर, आत्ता.”

मालन साडी सावरून स्कूटरवर मागे बसली. कॉलेजच्या त्या खोलीत औषधाचा उग्र वास होता. अक्षयाने काच लावली, चाक फिरवलं आणि तिला स्टुलावर बसवलं. आधी मालनला फक्त स्वतःच्या पापण्या दिसल्या. मग एकदम सगळं दिसलं.

फोटोत ती नुसती नक्षी होती. इथे ती जागा होती. मालन चाक फिरवत थरांच्या बाजूने निघाली. तळाची दाट रांग, वर फुगीर, वर चपट्या, काही झडायला आलेल्या. हे सगळं तिच्या बोटांना पाठ होतं. ती पुढे सरकली आणि थर संपले. उतरत नाहीत, बारीक होत नाहीत, संपले. पलीकडे लगेच पोफळी, एकच रांग.

“एकदम?” ती काचेतून डोळा न काढता म्हणाली.

“एकदम.”

“मधे काहीच नाय?”

“या बाईच्यात नाही. आणि ही सीमा एका जागी थांबत नाही. मुलगी वयात येते, बाळंतपण होतं, वय वाढतं, तशी ती सरकते. उघड्यावर आलेल्या रांगेच्या जागी हळूहळू थर चढतात. तिथे उलाढाल जास्त, म्हणून कर्करोग धरतो तो बहुतेक तिथेच. तपासणीचा नमुना तिथलाच घ्यायचा असतो. माझ्या पोरांच्या बोटाला ती जागा कळली नाही, तर उद्या ती नमुना भलतीकडचा घेतील, आणि बाईला सांगतील, सगळं ठीक आहे.”

मालनने काचेवरून डोळा काढला. मग ती पुन्हा काचेत बघू लागली, आणि बघता बघता हसायला लागली.

“काय झालं?”

“देवानं जोड लपवायचा आळस केला म्हणायचं! आमचे काका असते तर परत पाठवलं असतं.”

दोघी इतक्या हसल्या की शेजारच्या खोलीतला शिपाई डोकावून गेला.

परत येताना मालनच्या डोक्यात हिशेब सुरू झाला. जोड लपवणं तिला येत होतं. जोड दाखवणं, आणि तोही मजबूत, हे काम वेगळं. दोन तुकडे तसेच चिकटवले तर शंभर पोरांच्या बोटांनी उघडतील. एकत्र घडवलं तर सुकताना फाटेल. घराजवळ उतरताना तिने विचारलं, “डॉक्टर, खऱ्यात ते फाटत का नाय? त्यांना धरतं कोण?”

अक्षयाने स्कूटर बंद केली. “खाली एक पडदा असतो. दिसत नाही म्हणण्याइतका बारीक. थर त्याच्यावरच उभे, रांगही त्याच्यावरच. वर सीमा आहे. खाली पडदा अखंड.”

“अखंड?”

“घळीत उतरतो, वर येतो, पण तुटत नाही.”

“मग झालं,” मालन म्हणाली आणि शाळेत शिरली.

ती देखणी वस्तू तिने स्वतः फोडली. तुळसाकाकी हळहळली. काकांनी दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. बोट लावणार नाय असा शब्द दिला होता, त्यात जीभही धरली असावी.

मालनने तळाची गादी नव्याने भरली. या वेळी काथ्या कातरला नाही, लांब ठेवला, आणि कडेला तंतू दिसू दिले. खऱ्यातही तंतूच होते, लपवायचं कारण नव्हतं. मग जुनं मऊ सुती लुगडं फाडलं, रबडीत बुडवलं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसंध अंथरलं. घळीत बोटाने दाबत उतरवलं, वर काढलं, कुठे सुरकुती राहू दिली नाही. तो पडदा. त्याच्यावर डावीकडून थर आणि उजवीकडून रांग, दोन्ही ओल्यात. मधे थर जिथे संपायचे तिथे तिने कोरणी उभी धरली आणि एकाच कापात संपवले. त्या कापाला तिचा हात तयार नव्हता. कोरणी उचलली की अंगठा आपोआप कड पुसायला जायचा. शेवटी तिने अंगठ्याला चिंधी गुंडाळली.

सुकवण हे खरं काम. पातळ बाजूवर ओलं फडकं, जाड बाजू उघडी, पाट सावलीत. फडकं सुकलं की बदलायचं. जास्त ओलं झालं तर पोफळी कोसळणार, कमी झालं तर फाटणार. एकदा दुपारी दोन उंच पेशी कलल्याच. तिने त्या काढल्या, नव्या वळल्या, बसवल्या. स्वयंपाक करताना मधेच उठून जायची. बाळा म्हणाला, “मुलगा लहानपणी आजारी होता तेव्हासुद्धा इतक्यांदा उठली नव्हतीस.”

“मुलगा रडून सांगायचा. हे सांगत नाय.”

फडकं शेवटचं काढलं तेव्हा सीमेवर केसाएवढीही भेग नव्हती. रंग देताना मात्र सवयीने एक गोष्ट झाली. गडद ठिपक्यांना तिने पांढऱ्याचा एकेक बारीक तुकतुकीत थेंब दिला, गणपतीच्या बुबुळाला देतात तसा. दुसऱ्या दिवशी लांबून पाहिलं तर सगळं पिशवीचं तोंड तिच्याकडे टक लावून बघत होतं. ती एकटीच हसली आणि प्रत्येक थेंब पुसत बसली.

प्रात्यक्षिकाच्या सकाळी पाट रिक्षातून कॉलेजात गेला. एका बाजूला मालन, एका बाजूला धुतलेली टोपी घातलेले रावजीकाका, मधे मांडीवर पाट. टेबलाभोवती पोरांचा घोळका जमला. अक्षया म्हणाली, “डोळे मिटायचे. डावीकडून बोट न्यायचं. सीमा आली की थांबायचं आणि का थांबलात ते सांगायचं.”

पहिली पुढे आली सानवी नावाची चष्म्यातली मुलगी. डोळे घट्ट मिटून तिने बोट ठेवलं. बोट चपट्या पेशींवरून हळूहळू सरकत गेलं, सरकत गेलं, आणि एकदम पायरी चुकावी तसं खाली गेलं.

“आई गं!” सानवी ओरडली. “इथे! थर संपले. इथून एकच रांग!”

“नमुना कुठला घेशील?”

“इथलाच!” तिने बोट तिथून हलवलं नाही.

मग सगळेच तुटून पडले. कुणी घळी मोजल्या, कुणी चिकट पाण्याची जागा दाखवली. एक मुलगा थरांवर दोनदा बोट फिरवून म्हणाला, “मॅडम, पुस्तकात हे मला कधीच कळलं नव्हतं,” आणि अक्षया म्हणाली, “ते तुझ्या पेपरावरून मला कळलं होतं.” हशा झाला.

घोळका पांगल्यावर काका पुढे आले. टोपी नीट केली, डोळे मिटले. थरथरतं बोट डावीकडून निघालं आणि सीमेवर थांबलं. तिथे ते बराच वेळ राहिलं. मग त्यांनी नख वाजवून ठोकळा ऐकला, पाट तिरपा करून मागून बघितला, लांब काथ्याला हलकी ओढ दिली. मालन हात पदरात गुंडाळून उभी होती. पोरं पास म्हणाली, डॉक्टरीण पास म्हणाली; पण तिची परीक्षा इथे होती.

काकांनी खिशातून फोन काढला. नितेशला लावला, आणि मुंबईपर्यंत आवाज तारेशिवायच पोचावा इतक्या जोरात बोलले.

“नितेश? साचे आणू नकोस… नाय, हात बरे नाय झाले. माणूस मिळाला… अरे कुठला पेणचा? इथलाच. मालन… होय, तीच. ठेव.”

फोन ठेवून त्यांनी मालनकडे पाहिलंच नाही. “चल, रिक्षा थांबली आहे,” म्हणाले. अक्षया मागून धावत आली. “काका, आता जठराचं करायचंय! मालनताई, जठर!”

“पाट आणा,” मालन म्हणाली. हे ती म्हणाली की काका, हे कळायला अक्षयाला जरा वेळ लागला.

रिक्षा निघाली. काका म्हणाले, “काथ्या फार घातलास. मूर्तीला एवढा चालायचा नाय.”

“चालेल.”

“नाय चालायचा. हाताच्या बोटांत तंतू बाहेर येतील.”

“बोटांत कातरून घालीन, पोटात लांब ठेवीन. पोटाला ताकद लागते.”

“चाळीस वर्षं मी कातरून घालतोय.”

“म्हणून चाळीस वर्षं दरसाल चार पोटं तडकतात, काका. मीच बुजवते ना ती.”

रिक्षावाल्याने आरशातून मागे पाहिलं. काका लालबुंद झाले होते. मग ते खदाखदा हसले, इतके की टोपी मांडीवर पडली. टोपी तशीच हातात धरून ते पुन्हा काथ्याच्या लांबीवर आले. मालन मागे हटेना. वाडी आली, रिक्षा थांबली, रिक्षावाल्याने दोनदा सांगितलं. दोघांचं अजून शाडूत पाणी किती घालायचं हेच चाललं होतं.